पडद्यावरची फिरती पृथ्वी

परवा वाशीत एका ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर फिरती पृथ्वी दिसली आणि कामोठ्याच्या घरातली ती संध्याकाळ आठवली. सहा वाजले होते. आठवडाभर अंथरुणावर असलेली आई म्हणाली, “कॅनडात उजाडलं का रे? ताईशी बोलायचंय.” मी डेस्कटॉप पाहिला. त्यावरच्या पृथ्वीच्या लाइव्ह चित्रात कॅनडा काळोखात होता. “झोपू दे तिला, तासाभराने लावतो.” “बरं,” म्हणून आईने डोळे मिटले, ते उघडलेच नाहीत. मी कळवलं तेव्हा ताई रडत म्हणाली, “अरे, मी कधीची उठलेय!” दुपारीच नेट गेलं होतं आणि चित्र तिथेच अडकलं होतं. साडेनऊ तासांची वजाबाकी मला तोंडपाठ होती, पण मी चित्रावर विसंबलो. आताही सहा वाजले की मी ती करतो. सकाळचे साडेआठ येतात.