सुजेचं सांगतो

नसबंदीनं काय त्रास होतो, असं कुणी विचारलं की मी सुजेचं सांगतो. ऊसतोडीला निघायच्या चारच दिवस आधी ऑपरेशन केलं, आणि जड उचलू नको म्हणून बजावलेलं असताना फडात मोळ्या उचलल्या. सूज आली, महिन्याभरात उतरली.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. तीन महिने निरोध वापर, मग केजला येऊन तपासून घे. तोवर मूल राहू शकतं. हे मी बायकोलाही बोललो नाही. निरोधाची पाकिटं घरीच राहिली. तपासणीलाही गेलो नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक गेला की दुसऱ्याचंही काम बंद. मुकादमाला काय सांगणार, कप्पाळ?

उन्हाळ्यात गावी परतलो तेव्हा बायकोला पाचवा महिना होता. आईला माझं ऑपरेशन ठाऊक होतं. तिनं अंगणात शेजारणींसमोर बायकोला विचारलं, "कुणाचं हाय?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांचा शब्द न् शब्द मला आठवत होता. मी चप्पल काढली, भिंतीला नीट लावून ठेवली आणि हातपाय धुवायला मागं गेलो.