तिसऱ्याचा वाटा

खेड्यापाड्यांतल्या पोरांना शिकता यावं म्हणून महाराजांनी कोल्हापुरात बोर्डिंगं काढायला सुरुवात केली, त्या काळात मी मुरगूडहून इंग्रजी शाळेत आलो. बोर्डिंगात एका खोलीत तिघं असायचो. माझ्या खोलीत एक आजऱ्याच्या पिंजाऱ्याचा मुलगा, मुसलमान; दुसरा शिरोळकडच्या जैन शेतकऱ्याचा. नावानं हाक मारायची आमच्यात पद्धतच नव्हती. तो आजरा, हा शिरोळ आणि मी मुरगूड.

गुऱ्हाळं लागली की माझे वडील काहिलीतला थोडा गूळ बाजूला काढायचे. त्यात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वेलदोडे घालून लहानशी भेली थापायची आणि बाजाराच्या गाडीबरोबर माझ्याकडे पाठवायची. खोलीचा रिवाज असा, की कुणाच्याही घरून आलेलं तिघांचं. त्या साली भेली आली ती गडबडीत थापलेली. शेंगदाणे सगळे एका अंगाला, खोबरं दुसऱ्या अंगाला.

घरी आम्ही दोघं भाऊ. आईनं नियम घालून दिला होता: एकानं तोडायचं, दुसऱ्यानं आधी उचलायचं. त्याच हिशेबानं मी भेलीचे तीन तुकडे केले. शिरोळनं आधी उचलला. आजऱ्यानं उरलेल्या दोन तुकड्यांकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"तू वाकडं तोडलंस. मोठा तुकडा त्येनं नेला."

"मला बी ल्हानच ऱ्हायला की," मी म्हणालो.

"तू चुकलास, तुला शिक्षा झाली. बरोबर हाय. मी काय केलंय?"

शिरोळनंही आपला तुकडा गुपचूप परत ठेवला. भांडण तिथंच विझलं, पण प्रश्न राहिला. दोघांचं जमतं, मग तिघांचं का जमू नये? उत्तर सापडेपर्यंत गुळाला हात लावायचा नाही, असं ठरलं. मुंग्या लागू नयेत म्हणून भेलीचं ताट पाण्याच्या परातीत ठेवलं.

मग त्या प्रश्नानं आम्हाला धरलं. जेवणाच्या पंगतीत तेच, इतिहासाच्या तासाला तेच. शिरोळ म्हणाला, तराजू आणू. आजरा म्हणाला, "वजनानं शेंगदाणा आणि खोबरं सारखं हुतं व्हय? मला खोबरं आवडतं, तुला शेंगदाणा. ज्येच्या त्येच्या डोळ्याला वाटा पटाय पायजे."

रंकाळा तलावावर कपडे धुताना ते कोडं सुटलं. शिरोळ बोलत होता, की समज मी एक वाटा तोडून पुढं ठेवला आणि आजऱ्याला तो मोठा वाटला, तर? मी धोतर आपटत सहज बोलून गेलो, "मोठा वाटतोय न्हवं? मग त्येनंच कमी करावा. काढलेला तुकडा परत भेलीत."

आजरा हातातला सदरा तसाच धरून उभा राहिला.

"आणि जो कमी करील, त्येनंच त्यो घ्यावा!"

आम्ही धुणं तिथंच टाकलं. मग ओल्या पायरीवर बोटानं रेघा ओढत पुन्हा पुन्हा करून पाहिलं. पहिल्यानं आपल्या मते तिसरा हिस्सा तोडायचा. दुसऱ्याला तो जास्त वाटला तर त्यानं कमी करायचा, मग तिसऱ्यानं पाहायचं. शेवटी ज्याचा हात लागला, त्याचा तो वाटा. कुणीच हात लावला नाही, तर तोडणाऱ्याचा. राहिले दोघं, त्यांना आईचा नियम. शिरोळ तर गुडघाभर पाण्यात उतरून नाचायला लागला. कपडे धुणाऱ्या बायका आमच्याकडे पाहून हसत होत्या. त्या रात्री भेलीचे तुकडे पुन्हा एकत्र मांडून त्याच रीतीनं वाटले, आणि कुणाचीच तक्रार राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला आमची कुजबुज मास्तरांच्या कानावर गेली. मास्तर कडक. तिघांनाही फळ्याजवळ उभं केलं. "काय खलबत चाललं आहे, ते साऱ्या वर्गाला कळू द्या."

गुळाचं नाव निघताच वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खडू हातात घोळवत विचारलं, "दोघं आतून एक झाले तर? तिसऱ्याला लुबाडतील."

आजऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बोललो. "न्हाय लुबाडता येत, मास्तर. गेलेला वाटा तिसऱ्याला मोठा वाटला असता, तर त्येनं कमी करून सोताच घेतला असता. त्येनं जाऊ दिला, म्हंजे त्येच्या मतानं उरलेल्यात दोघांपुरता माल हाय."

मास्तरांनी खडू खाली ठेवला. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "हे मी यांना शिकवलेलं नाही." एवढंच. शाबासकी अशी त्यांनी कुणालाच दिली नव्हती. आज इतक्या वर्षांनीही ते वाक्य आठवलं की ऊर भरून येतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शिरोळनं आम्हा दोघांना आपल्या गावी नेलं. घरात वाटणीचा घोळ चालला होता. त्याचे वडील आणि दोन चुलते, तिघं भाऊ. जमिनीची एक बाजू नदीकाठची काळी मळी, मधे विहीर, वर माळ आणि आंब्याची झाडं. पंच येऊन जेवून गेले होते; वाटणी काही होत नव्हती. विहिरीचं पाणी पाळीनं घ्यायचं, एवढंच काय ते ठरलं होतं.

थोरल्या चुलत्याला शिरोळ दोड्डप्पा म्हणायचा. त्यांच्या घरात नात्यांची हाक कानडी. जेवताना त्यानं धीर करून म्हटलं, "दोड्डप्पा, आमच्याकडं एक रीत हाय."

"पोरंटोरं आता आमाला शिकवणार?" दोड्डप्पा गरजले. पण ऐकून घेतलं. ऐकता ऐकता हातातला घास तसाच राहिला.

सकाळी सगळे रानात गेलो. दोड्डप्पांनी नदीकडून चालत येऊन खुंटी ठोकली. "हितवर तिसरा हिस्सा." मधल्या चुलत्यानं मान हलवली, खुंटी उपटली आणि नदीकडे बरीच मागे नेऊन ठोकली. शिरोळचे वडील तिथवर चालत गेले, माती हातात घेऊन पाहिली आणि खुंटीला हात न लावता परत आले. मळी मधल्याची झाली. उरलेल्या रानात शिरोळच्या वडिलांनी खुंटी रोवली आणि म्हणाले, "अण्णा, उचल तुजा."

"मला आंबं पायजेत," दोड्डप्पा लगेच म्हणाले. "मळी पुरात जाती."

विहिरीकडचं रान शिरोळच्या वडिलांना राहिलं. प्रत्येकाला वाटत होतं, चांगलं ते आपल्यालाच आलं. आजऱ्यानं हळूच माझा हात दाबला.

परत कोल्हापूरला दोड्डप्पांनी स्वतःच्या गाडीतून आणून सोडलं. वाटेत भेटेल त्याच्यापाशी बैल थांबवायचे. "ओ पावणं, जरा थांबा. आमच्या घरची वाटणी ह्या तीन पोरांनी केली. ह्यो आमचा, ह्यो आजऱ्याचा, ह्यो मुरगूडचा." मग रीत समजावून सांगायचे आणि दर वेळी कुठंतरी चुकायचे. कधी खुंटी पुढं न्यायचे, कधी वाटा भलत्यालाच द्यायचे. आम्ही तिघं मागं कडब्यावर ताठ बसून होतो. त्यांना दुरुस्त करावं असं एकालाही वाटलं नाही.