ओ देणारं यंत्र

आमच्या माणदेशात हाक कोरडी जाऊ देत नाहीत. माळापल्याडून कुणी नुसतं ‘अरे’ म्हटलं, तरी अलीकडचे सगळे ओ देतात. ज्याला बोलावलं तोही, न बोलावलेलाही. मुरलीधर त्याच मातीतला. पोटासाठी फरिदाबादला गेला, लोकांच्या कारखान्यांत राबला, आणि शेवटी एक गाळा घेऊन स्वतःचं यंत्र घडवू लागला. टाकीत पाणी किती, ते मोजायचं आणि तारेवरून पंपघराला कळवायचं, एवढंच त्या यंत्राचं काम.

दिल्लीतल्या द्वारकेच्या एका मोठ्या सोसायटीला आपल्या सगळ्या टाक्यांवर तसली यंत्रं हवी होती. अट एकच: यंत्र ठरल्या भाषेत, ठरल्या रीतीने बोलतं, असा प्रयोगशाळेचा दाखला संध्याकाळपर्यंत पोचवायचा. नाहीतर काम दुसऱ्याला.

नोएडाच्या त्या प्रयोगशाळेत तपासणीला होती पुण्याची रेवती. तिने यंत्राला तार जोडली आणि उलटतपासणी सुरू केली. सरळ प्रश्न विचारला, अर्धवट विचारला, मुद्दाम चुकीचाही विचारला. यंत्राने बरोबरचं उत्तर दिलं, चुकीचं रीतसर नाकारलं. मागे उभा मुरलीधर मिशीतल्या मिशीत हसत होता.

मग रेवतीने तारेवरच्या सर्वांसाठी असते तशी एक हाक सोडली: आपापलं घड्याळ लावून घ्या. ही हाक सगळ्यांनी ऐकायची, काम करायचं, पण उत्तर कुणी द्यायचं नाही, असा नियम. यंत्राने घड्याळ लावलं, आणि वर ओ दिली. पडद्यावर लाल रेघ उमटली.

हे कुणी घातलं, असं तिने विचारलं. मुरलीधरने अभिमानाने सांगितलं की त्यानेच. बाजारातली यंत्रं हाक ऐकून मुक्यासारखी बसतात, ते त्याला बघवत नव्हतं.

“संस्कार चांगले आहेत,” रेवती म्हणाली, “पण यंत्र नापास.”

मुरलीधर वाद घालायला सरसावला. तिने त्याच्याच पिशवीतली आणखी दोन यंत्रं त्याच तारेला जोडली आणि पुन्हा तीच हाक सोडली. तिघांनी एकदम ओ दिली. पडद्यावर अक्षरांचा नुसता काला झाला. गाळ्यात तारेला कायम एकच यंत्र असायचं, त्यामुळे ही गर्दी त्याने कधी पाहिलीच नव्हती.

तो लॅपटॉप उघडून बसला. यंत्रातली ओ काढून टाकणं चुटकीसरशीचं काम, पण बोट पुढे जाईना.

“मॅडम, गप्प बसलं, तर त्याने ऐकलं हे कळायचं कसं?”

“नंतर एकेकाला त्याच्या नंबराने विचारायचं, किती वाजले. सांगेल ना.”

म्हणजे ओ द्यायची, पण आपली पाळी आल्यावर. एवढं पटलं तेव्हा कुठे बोट हललं, आणि तिन्ही यंत्रांत बदल चढला. पुन्हा हाक गेली. तिन्ही यंत्रं गप्प. ती शांतता मुरलीधरला फार लांब वाटली. मग रेवतीने एकाला नंबराने विचारलं. त्याने लगेच अचूक वेळ सांगितली. दुसऱ्याने, तिसऱ्यानेही.

“शहाणी झाली,” मुरलीधर म्हणाला आणि दाखल्यासाठी हात पुढे केला.

मेट्रोच्या दारात शिपायाने पिशवी उघडायला लावली, यंत्र उलटसुलट करून पाहिलं, हे काय करतं म्हणून विचारलं.

“पानी नापता है,” मुरलीधर म्हणाला. “और जिसको पूछो, बस वही बोलता है.”

“अच्छा?” शिपाई म्हणाला. “हमारी सोसायटी की मीटिंग में भेज दो, यार.”

मुरलीधर दाखला सांभाळत, हसत द्वारकेच्या गाडीत चढला. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता.