पडद्याबाहेर काढलेला हात

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. मुलीपाशी नाही, पाद्रीसाहेबांपाशी नाही, आणि — हे लिहितानाही लाज वाटते — प्रार्थनेत देवापाशीसुद्धा नाही. त्याला ठाऊकच आहे, मग सांगायचं कशाला, असं म्हणून मी गुडघे टेकायची आणि दुसऱ्यांच्याच आजारपणांची यादी वाचायची. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे. ओळखीच्या माणसापुढे मला हे जमलं नसतं.

आधी एक सांगू द्या. मी भित्री बाई नव्हते. उलट माझ्या तोंडाला अख्खा मांगवाडा वचकून असायचा. विहिरीवर आमच्या घागरीत पाणी वाढायला कुणी मुद्दाम उशीर केला, की मी असं काही बोलायची की वाढणारीच्या हातातला पोहरा सुटायचा. माझी सासू म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही, आणि मला ते कौतुकच वाटायचं. म्हणून तर मला अजून कळत नाही — त्या दिवशी ती बाई कुठं गेली होती?

आमचं गाव पालमपासून चार कोसांवर. निझामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माझे मालक दोरखंड वळायचे — अंबाडीचे कासरे, दावी, मोटेचा नाडा. त्यांना वाचता येत होतं म्हणून गाव त्यांना मास्तर म्हणायचं. खरं नाव शमुवेल, पण ते गावाच्या जिभेवर कधी बसलंच नाही. मीही इथं मास्तरच म्हणते. वाड्यात आम्ही पाच घरं ख्रिस्ती होतो. रविवारची उपासना मास्तर घ्यायचे, आणि पाद्रीसाहेब परभणीहून दोन-तीन महिन्यांतून एकदा येऊन प्रभुभोजन द्यायचे — भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट.

माझे सासरे मात्र मरीआईचे पोतराज होते. गावात पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा निघायचा. हातभर लांबीची लाकडी गाडी, तीत मातीची मरीआई, हिरवी चोळी, दहीभाताचा निवद. गावानं तो गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा, म्हणजे रोगराई त्याच्यासंगं जाते. पण गाडा हलवायचा पहिला हात आमच्या घरचा. पिढ्यान्‌पिढ्या. पोतराजाच्या घरच्या पुरुषाचा हात लागला नाही तर आई शिवेवरून माघारी फिरते, असं सगळे मानायचे. सासरे वारले होते, दीर नव्हते. उरले एकटे मास्तर. बाईचा हात चालत नव्हता.

त्या उन्हाळ्यात पटकी आली. रोज एक-दोन मढी उठायला लागली. मास्तर पायी पालमला गेले, सरकारी माणूस घेऊन आले आणि दोन्ही विहिरींत लाल औषध टाकून घेतलं. घरोघर फिरून पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं. ज्यांच्या मढ्याला सख्खे भाऊ शिवत नव्हते, त्यांची मढी यांनी उचलली. आणि गाव काय म्हणालं? मास्तरानं विहीर लाल केली, म्हणून आई कोपली.

मग पाटील स्वतः मांगवाड्याच्या तोंडाशी आले. पाटील तसा वाईट माणूस नव्हता, हेही लिहून ठेवते.

“मास्तर,” ते म्हणाले, “आमी कवा तुमच्या येशूला वाईट बोललोत का? हात तर लावायचाय. त्यात तुमचं काय जायलंय?”

मास्तर हातातली अंबाडी खाली ठेवून उभे राहिले. “पाटील, सांगाल ते करतो. मढी उचलतो, घाण काढतो. पन तिला हात लावला तर रविवारी कोन्त्या तोंडानं उभा राहू? तेवढं न्हाई जमायचं.”

बस, एवढंच. आवाजही चढवला नाही. मला त्या वेळी काय वाटलं माहीत आहे? गर्व. मी आजूबाजूच्या बायांकडे बघितलं — बघा, माझा नवरा! दुसऱ्या दिवशी विहिरीवर आमच्या पाच घरांचं पाणी बंद झालं. संध्याकाळपर्यंत चार घरांनी निवद कबूल केला. बाया मला म्हणाल्या, तू तरी सांग त्यांना, तुझं ऐकतील. मी फणकाऱ्यानं म्हणाले, आमच्या घरात असलं सांगत नसतात. ओढ्यातला झिरा उकरून वाटी वाटीनं पाणी भरलं आणि उकळून प्याले. मोठी विश्वासणारी बाई!

सोमवारी मास्तर पडले. पटकी नव्हती बहुतेक, पण ताप असा की अंगाला हात लावला तर चटका बसावा. बडबडायला लागले. मला ओळखेनात. रात्र तशीच गेली, आणि मंगळवार उजाडला — मरीआईचा वार.

सकाळी पाटलांचा नातू पटकीनं गेला. दुपारी गाव गाडा घेऊन आमच्या दारात आलं.

ते ओरडत आले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला मी ओरडून उत्तर दिलं असतं, त्यात माझा हात कुणी धरला नसता. पण ते गप्प होते. भर उन्हात शे-दीडशे माणसं, आणि कुणी बोलेना. पाटील समोर उभे होते, डोक्याला पागोटं नव्हतं. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. पाटलानं — मांगाच्या बाईपुढे. मागून कुणीतरी म्हणालं, “खाटंसकट उचला अन् आना भाईर.” आणि दोघं-तिघं पुढं सरकले.

खरं सांगू का, मी तेव्हा कशाला भ्याले? मारतील म्हणून? घर पेटवतील म्हणून? तसं मला पुष्कळ वर्षं वाटायचं, आणि ते वाटणं मला सोयीचं होतं. खरं ते असं, की मला गाडा दिसला. ती मातीची आई दिसली, आणि कडेवर माझी दोन वर्षांची लेक होती. मी लहानपणापासून येशूची गाणी म्हणत आलेली बाई, आणि माझ्या मनात आलं — खरंच माघारी फिरली तर?

मी म्हणाले, “आत येऊ नगा, रोग हाय. मीच त्यांना दारापत्तोर आनते.”

आमच्या दाराला तेव्हा फळ्या नव्हत्या, गोणपाटाचा पडदा होता. मी पोरीला कोपऱ्यात ठेवलं. मास्तरांना काखेत हात घालून खाटेवरून खाली ओढलं, दारापर्यंत फरफटत आणलं. त्यांची मान माझ्या खांद्यावर लोळत होती. बाहेर गाडा अगदी उंबऱ्याला लावला होता, चाक दिसत होतं पडद्याखालून. मी त्यांचा उजवा हात मनगटाशी धरला, पडद्याच्या कडेनं बाहेर काढला आणि गाड्यावर दाबला.

गावाला फक्त हात दिसला. दोर वळून वळून घट्टे पडलेला, सगळ्यांच्या ओळखीचा हात. एकच गलका उठला, हलगी कडाडली आणि गाडा निघाला. माझ्या हाताखालून तो गाडा हलला, ते मला कळलं. मास्तर कण्हले. बाकी त्यांना काही कळलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? भ्याली बिचारी, बाई माणूस. थांबा. एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला संध्याकाळपर्यंत माफ केलं असतं. मला पक्कं माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. मी चुलीपाशी पेज ढवळत होते. मास्तर उठून बसले आणि हाताकडे बघायला लागले. तळहात हळदीकुंकवानं माखलेला होता. मी पुसला होता, पण घट्ट्यांच्या चिरांत ते बसलं होतं.

“हे काय हाय?” त्यांनी विचारलं.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या तोंडातून निघालं — मी ठरवलं नव्हतं, येशूशप्पथ ठरवलं नव्हतं — “तुमीच उठलात की काल. लोक आले तसे चालत गेलात दारापत्तोर. तुमीच लावला हात.”

इतकं सहज! घरात मीठ संपलं म्हणून सांगावं, तसं. मी स्वतःचा आवाज ऐकला आणि हादरले. आजही, एवढं वय झालं तरी, मधेच भाकरी थापताना तो आवाज कानात येतो आणि माझे हात थांबतात. ती मीच होते? तेव्हाच जीभ चावायला हवी होती. पेज तशीच राहिली. मग मास्तरांनी राखेनं हात घासायला घेतला, आणि घासत राहिले, शेवटी मी हात ओढून घेतला.

आठ-दहा दिवसांत पटकी ओसरली. लाल औषधानं म्हणा, कशानं म्हणा. गाव मात्र म्हणालं, मास्तरांच्या हातानं. पाटलांनी नारळ आणि माझ्यासाठी खण पाठवला. विहिरीवर पाणी मिळायला लागलं, तेही उशीर न करता. रस्त्यानं लोक मास्तरांना रामराम करायचे, आणि मास्तर मान खाली घालून जायचे. कुणी बोलला तर तेवढ्यापुरतं हं म्हणायचे.

पाद्रीसाहेब आले त्या रविवारी मास्तर सगळ्यांसमोर उभे राहिले. कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःहून सांगितलं, मी मरीआईच्या गाड्याला हात लावला. आणि मग — ऐका हे — मग ते सांगायला लागले, की मला आठवतं, पाय थरथरत होते, तरी चालत गेलो. पाटलांना मी नाही म्हणू शकलो नाही. मला आठवतं, असं म्हणाले! जे झालंच नव्हतं, ते त्यांना आठवायला लागलं होतं. माझ्या एका वाक्यावर त्यांनी सगळा दिवस रचला होता. मी बायांत बसले होते. उठायचं होतं. गुडघ्यावर हात टेकवले, एवढं आठवतं. उठले नाही.

ज्या चार घरांनी आपल्या पायांनी जाऊन निवद दिला होता, ती घरं गप्प बसून ऐकत होती. त्यांच्यातल्या एकानंही तोंड उघडलं नाही. पण मी त्यांना कोणत्या तोंडानं नावं ठेवू?

पाद्रीसाहेबांनी सहा महिने प्रभुभोजनापासून दूर राहायला सांगितलं. सहा महिन्यांनी त्यांनीच बोलावलं — या मास्तर, देवानं माफ केलं. मास्तर गेले नाहीत. म्हणाले, मी पात्र नाही. पुढंही कधी गेले नाहीत. उपासना दुसऱ्यानं घ्यायला सुरुवात केली. मास्तर यायचे, दारापाशी चपलांजवळ बसायचे, आणि भाकरीचा तुकडा वाटायची वेळ झाली की पोरीला घेऊन बाहेर जायचे.

आणि मी तो तुकडा घ्यायची. दर वेळी. न घेतला असता तर लोकांनी विचारलं असतं ना, का म्हणून! एक मोडला आणि एक टिकला, असं ख्रिस्ती लोक आमच्या घराबद्दल बोलायचे. टिकलेली मी. बाया म्हणायच्या, नवरा घसरला पण बाई पक्की. हे मी ऐकून घेतलं. एकदा तर, देवा, मी उसासासुद्धा सोडला.

सांगायची संधी नव्हती का? रोज होती. मास्तर त्यानंतर नऊ वर्षं जगले, त्याचे दिवस मोजा. एकदा, दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, आम्ही दोघंच अंगणात होतो, ते दोराला पीळ घालत होते आणि मी दुसरं टोक धरलं होतं. मी म्हणाले, “अवो, त्या दिशी—” तर ते म्हणाले, “नगं काढू ते.” आणि मला काय वाटलं? सुटले. सांगायचा प्रयत्न केला, त्यांनीच थांबवलं, असं म्हणून मी त्याच्यावर कितीतरी वर्षं काढली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत दुसऱ्याचा जीव होता.

निझामाचा मुलूख मुंबईला जोडला, मग महाराष्ट्र व्हायचं बोलणं चालू झालं, त्या सुमाराला मास्तरांच्या छातीनं दगा दिला. मोटारीनं परभणीच्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. शेवटचे काही दिवस ते पूर्ण शुद्धीत होते. एके दिवशी सकाळी लेक पाण्याला गेली होती. त्यांनी मला जवळ बसायला सांगितलं. मला वाटलं, आता विचारतील. आता त्यांना संशय आला असेल. आणि खरं सांगते, मला वाटलं, विचारू देत एकदाचं, मी सांगून टाकीन.

त्यांनी ते विचारलंच नाही.

ते म्हणाले, “माझ्यापायी तुला लय खाली बघायला लागलं. त्या दिशी मी गाड्याला हात लावला, त्येचं डाग तुज्यावर बी पडलं. देवापाशी मी मागंन ते मागंन. पन तू — तू मला माफ केलंस का?”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. दार उघडं होतं, बाहेर ऊन होतं, घरात आम्हां दोघांखेरीज कुणी नव्हतं. ना पाटील, ना गाव, ना गाडा. भ्यायला कुणीच नव्हतं.

“केलं,” मी म्हणाले. “केलं माफ.”

त्यांनी डोळे मिटले. मग देव तुझं भलं करो म्हणाले, आणि मी मान हलवून तेही घेतलं.