पाचांपैकी तीन चिठ्ठ्या

कोयनानगरजवळच्या आमच्या शाळेतली संगणकाची खोली बंद करून तिथे खेळाचं सामान ठेवायचं मुख्याध्यापकांनी जवळजवळ ठरवलंच होतं. तिसरीच्या पोरांना त्यातलं काय कळणार, हा त्यांचा मुद्दा. मी हट्टाला पेटले. "शनिवारी या आणि पोरांनाच विचारा," असं बोलून बसले. वर विषयही अवघड निवडला: पाच संगणक एकच नोंद आपापल्याकडे ठेवतात, मग त्यांचं एकमत होतं कसं?

फळ्यावर पाच चौकोन काढले, बाण काढले. पोरांनी जांभया दिल्या. मला माझाच राग आला.

दुसऱ्या दिवशी पाच मुलींना पटांगणात लांब लांब उभं केलं. बोलायचं नाही, फक्त चिठ्ठ्या पाठवायच्या. सहल पाटणला की पलूसला, एवढंच ठरवायचं. चौघींनी पलूस लिहिलं आणि खेळ तिथेच अडला. पाचवी पाणी प्यायला गेली होती.

"ठरवा की आता," मी म्हणाले.

"ती आल्याबिगर कसं ठरवायचं, बाई?"

घरी सगळे ताटावर आल्याशिवाय पहिला घास न घेणारी ही पोरं. पण संगणक असे थांबले तर थांबूनच राहतील, कारण त्यांतला एखादा कधीही बंद पडतो. हे सांगून सांगून माझा घसा बसला. मग आमच्याकडचीच एक रीत आठवली.

"जमीन हलल्यासारखी वाटली, तर तुम्ही काय करता?"

"वरडून शेजारी इचारतो, धक्का जाणवला का?"

"सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत थांबता?"

"न्हाई! दोघं-तिघं व्हय म्हणली की भाईर पळतो."

"आणि जो रानात गेलाय त्याचं काय?"

"त्याला आल्यावर सांगतो की!"

मी आनंदाने टाळीच वाजवली. संगणकही हेच करतात. पाचांपैकी तिघांचं जुळलं की ठरलं. पाचांत तिघांचे दोन वेगळे गट होत नाहीत, म्हणून दोन वेगळे निर्णयही होत नाहीत. बंद पडलेला सुरू झाला, की बाकीच्यांना विचारून तेच लिहून घेतो.

शनिवारी मुख्याध्यापक आले ते हातात कुलूप घेऊनच. मुलींनी खेळ करून दाखवला. एकीला मुद्दाम बाकावर झोपवलं, तरी बाकीच्यांचं ठरलं. सरांनी नकारार्थी मान हलवली.

"हा खेळ झाला, बाई. मला काय पटलं न्हाई. खोली बंद."

मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात सगळ्यात लहान मुलीने वहीचं पान फाडून पाच तुकडे केले. चौघींनी एकेक घेतला. पाचवी अजून झोपेचं सोंग घेऊन पडली होती, म्हणून तिचा तुकडा सरांच्या हातात दिला.

"लिवा सर. खोली चालू का बंद?"

सरांनी लिहिलं. चिठ्ठ्या उघडल्या. चार चालू, एक बंद.

"ठरलं," ती म्हणाली. "आता तुमी बी तेच लिवून घ्या."

सर हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठी उलटी केली, मागच्या बाजूला 'चालू' लिहिलं आणि कुलूप माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले.