परमुलखातली तळी

देव सगळीकडे असतो हे मी लहानपणापासून ऐकत आलो, पण खरं सांगायचं तर माझ्या मनातला खंडोबा आमच्या शहराजवळच्या सातारा नावाच्या खेड्यातलं आपलं देऊळ सोडून कधी बाहेर गेलाच नव्हता. आम्ही मूळचे मेंढपाळ. एकापाठोपाठ दुष्काळ आले, शहर वाढत गेलं, चराईच्या रानात प्लॉट पडले, आणि वडिलांनी मेंढरं विकून मुकुंदवाडीत दोन खोल्या बांधल्या. मी गणिताचा मास्तर झालो. पुढे टांझानियातल्या एका आडगावी शाळेत नोकरी मिळाली, तेव्हा नातेवाइकांत माझी ऐट काय विचारता! ती ऐट तिथं पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच उतरली. मक्याच्या पिठाचा तो उकडलेला गोळा घशाखाली उतरेना, स्वाहिली येईना, आणि माझे उच्चार ऐकून अख्खा वर्ग खो खो हसे. नळाला पाणी मात्र आमच्या गल्लीसारखंच मर्जीनुसार येई, तेवढीच काय ती ओळखीची गोष्ट.

त्याच वर्षी वडील गेले. दिवसकार्य उरकून मी परत आलो खरा, पण मन आलं नाही. शाळेचं सत्र संपलं की नोकरी सोडायची आणि कायमचं घरी जायचं, असं मी ठरवलं. त्यातच चंपाषष्ठी जवळ आली. आमच्यात त्या दिवशी तळी उचलतात. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, ठेवायची आणि पाच जणांनी हात लावून खंडोबाच्या नावानं ते ताम्हण तीनदा उचलायचं. वडिलांमागे हा मान माझ्याकडे आला होता. मायनं निघतानाच बजावलं होतं, "जिथं असशील तिथं उचल, पण खंड पडू देऊ नको." तिथं मी एकटा, बाकीचे चार भाऊबंद कुठून आणणार? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली तळी माझ्या हातून बंद पडणार, ही टोचणी जिवाला लागून राहिली.

चंपाषष्ठीला सकाळीच तालुक्याच्या गावी गेलो. एका गुजराती दुकानात हळद, सुपारी आणि नारळ मिळाला, पानं काही मिळाली नाहीत. ताम्हण म्हणून स्टीलची ताटली घेतली. परत येताना माळरानात बस बंद पडली. त्या वर्षी तिकडेही पाऊस दडी मारून बसला होता. गवत वाळून गेलेलं, काटेरी झाडं, वर ऊन. सगळे खाली उतरले आणि मी मायला फोन लावला.

"माय, गाडी बंद पडली. आज तळी व्हायची नाय."

"का? तिथं माणसं नायत का?"

"हायत, पण आपली नायत."

"तुझ्या बापानं मेंढरं घेऊन परमुलखात किती चंपाषष्ठ्या काढल्या, तवा काय भाऊबंद नेले व्हते संगं? वाटंवर जो गावला त्याला हाक मारली. तुला हाक मारायची लाज वाटती व्हय?"

लाज वाटतच होती. ही गोष्ट वडिलांनी मला कधी सांगितली नव्हती, आणि मीही कधी विचारली नव्हती. फोन ठेवून मी एका झाडाखाली बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हणालो, देवा, मला काही हे जमत नाही, आता तूच बघ.

थोड्या वेळानं एक म्हातारा शेळ्या हाकत तिथं आला. अंगाभोवती तांबडं कापड, हातात काठी, मागे एक कुत्रा. शेळ्या पुढे गेल्या, पण कुत्रा माझ्या पिशवीपाशी येऊन बसला तो उठेचना. खंडोबासोबत कुत्रा असतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. म्हाताऱ्यानं पिशवीत काय आहे असं विचारलं. मोडक्यातोडक्या स्वाहिलीत मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुझा देव जनावरं राखतो का?"

"राखतो," मी म्हणालो.

"मग धर ताटली."

त्यानंच ड्रायव्हरला हाक मारली. दोन प्रवासी आपणहून पुढे आले. दगडावर नारळ फोडला, भंडारा ठेवला आणि आम्ही पाच जणांनी ताटली धरली. "सदानंदाचा येळकोट!" असं मी म्हणालो आणि माझ्यामागून त्या चौघांनी "येळकोट" असा खणखणीत उचलला की शेळ्यांनी माना वर केल्या. तीनदा तळी उचलली. मी सगळ्यांच्या कपाळी भंडारा लावला, खोबरं वाटलं, पहिला तुकडा कुत्र्याला दिला.

मग म्हाताऱ्यानं ताटलीतला मूठभर भंडारा उचलला आणि सरळ शेळ्यांत शिरला. एकेकीला धरून तो तिच्या कपाळाला हळद फासू लागला. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं, कारण मीच ते विसरलो होतो. वडील तळी झाली की असेच कळपात शिरायचे. मेंढरं विकली त्या वर्षी ते भंडाऱ्याची मूठ घेऊन सवयीनं अंगणापर्यंत गेले होते आणि तसेच परत आले होते. त्यानंतर आमच्या घरचा भंडारा कुठल्याच जनावराला लागला नव्हता. मी त्या माळावर लहान मुलासारखा रडलो. म्हाताऱ्यानं एक शेळी माझ्यापुढे आणून उभी केली आणि उरलेली हळद माझ्या हातावर ठेवली.

बस काही चमत्कारानं सुरू झाली नाही, दुसरी यायला संध्याकाळ झाली. तो म्हातारा कोण होता, याचा मी कीस पाडत बसलो नाही. नोकरी सोडायचं मात्र राहून गेलं. मी अजून त्याच शाळेत शिकवतो, मुलं अजून हसतात, आणि तो मक्याचा गोळाही आता गोड लागतो. पूर्वी मी देवाकडे मागायचो, मला माझ्या माणसांत नेऊन सोड. आता मागत नाही. बसमध्ये शेजारी कुणी येऊन बसलं की आधी सरकून जागा देतो आणि मनातल्या मनात खंडोबाला हात जोडतो.