दत्ताराम मुकादमाचा हात

दत्ताराम मुकादम बोलताना हात हलवत नसे. लालबागच्या बाजारात कोणी लांबून हात केला तर हा नुसती मान डोलवायचा. जेवताना "पुरे" म्हणायचा, पण पानावर हात आडवा धरायचा नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "हात क्रेनक, तोंड माणसाक."

मी क्रेन चालवायचो. तो खलाशांचा, म्हणजे क्रेनखाली वजनं बांधणाऱ्या मजुरांचा, मुकादम. वजनाला पट्टे बांधून घ्यायचा आणि खाली उभा राहून मला हाताने इशारे द्यायचा. आधी रे रोडच्या यार्डात, मग परळला गिरणीच्या जागेवर टॉवर चढले तिथे, बावीस वर्षं मी त्या एका हाताकडे बघून पोट भरलं. माझी बायको कुसुम म्हणायची, माझ्या तोंडाकडे एवढं बघितलं असतंत तर बरं झालं असतं. आता बघायला ती नाही.

गिरण्या गेल्या म्हणून रडत बसणाऱ्यांना मुकादम शिव्या घालायचा. "वर बघा रे, किती क्रेन हत. कार्ड काढ. आज पट्टो बांध, उद्या इशारो दे, परवा केबिनीत बस, मगे दुबईक जा." त्याचं ऐकून बरेच जण गेले आणि मार्गी लागले. त्याच्याकडे स्वतःचं कार्ड, म्हणजे परीक्षा देऊन मिळणारा परवाना, नव्हतं. शाळा दुसरीपर्यंत.

मग साइटवर नियम आला. कार्ड नाही त्याने इशारा द्यायचा नाही. मुकादमाला लाल झेंडा देऊन गेटवर ट्रेलर थांबवायला उभा केला. त्याच्या जागी सचिन आला, त्यानेच शिकवलेला. मुकादम कुरकुरला नाही. परीक्षा द्यायची म्हणून रविवारी दुपारी आमच्याकडे येऊ लागला. कुसुम सातवी पास. क्रेनचा हात किती लांब गेला की किती टन उचलायचे, तो तक्ता ती त्याला वाचायला शिकवायची. साठीचा माणूस पाटीवर आकडे गिरवायचा.

परीक्षेला महिना असताना ते झालं. मी लोखंडाचा भारा फिरवत होतो. सचिन खाली होता, पण माझी नजर गेली गेटकडे, सवयीने. तेवढ्यात ट्रेलर आत घुसला आणि मुकादमाने त्याला थांबवायला हात वर केला. मी ब्रेक मारला. भारा हेलकावला आणि खालच्या एका खलाशाचा पाय गुडघ्यापासून गेला.

साहेबांनी विचारलं, थांबायला कोणी सांगितलं? मी म्हणालो, मुकादमाने हात वर केला. हे खोटं नव्हतं. हात कोणासाठी होता, ते मी बोललो नाही.

विनाकार्ड इशारा दिला, असा ठपका त्याच्यावर बसला. परीक्षेचा अर्ज परत आला. पुढे कुठल्याच साइटने त्याला उभा केला नाही. कुसुमला मी खरं सांगितलं. ती म्हणाली, उद्या जाऊन बोला. मी म्हणालो, नोकरी गेली तर तुझं डायलिसिस कसं व्हायचं?

"माझ्या नावावर ढकलू नका," ती म्हणाली.

मी गेलो नाही. नोकरी टिकली, डायलिसिस चालू राहिलं. ती तरीही गेली.

तिच्या दहाव्याला मुकादम आला होता. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "माझ्याकडे बघलंस, ती सवय. ती चूक नाय. मगे गप रवलंस, ती चूक." एवढंच. आवाज चढवला नाही.

गेल्या महिन्यात तो वारला. बाराव्याला चाळीच्या गच्चीवर सगळे खलाशी जमले होते. मी उभा राहून सगळं सांगितलं. सचिन म्हणाला, "काका, मी खालीच होतो. मला दिसलं होतं. मी सांगायला निघालो तर मुकादमांनी अडवलं. म्हणाले, तो स्वतः येऊन सांगतलो."

तीन वर्षं तो वाट बघत होता.